फ्रिजवरचा कागद

ऑरिनने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, त्याच्या कोपऱ्यांवर मीठदाणी, कॉफीचा मग आणि चष्म्याचं घर ठेवलं आणि व्हर्लाला बजावलं, की आता तासभर इथे ताटं मांडायची नाहीत. दर ऑक्टोबरात, एल्क या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीआधी, हे असंच चालायचं. यंदा फक्त समोरची खुर्ची रिकामी होती. त्याचा शिकारीचा जोडीदार डेलमार एप्रिलमध्ये वारला. बावीस वर्षं त्या खुर्चीत बसून तो ऑरिनच्या प्रत्येक बेताला नाक मुरडत आला होता, आणि आता नाक मुरडणारा नाही म्हटल्यावर ऑरिनला बेतच सुचेना.

"एकटा जाणार म्हणजे जाणारच का तू?" व्हर्लाने भांडी विसळता विसळता विचारलं.

"एल्कचा परवाना निघालाय माझ्या नावाने."

"परवाना निघाला म्हणून गुडघा बरा होत नाही, म्हाताऱ्या."

ऑरिनने पेन्सिलीला टोक काढलं. गुडघ्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतंच.

त्या डोंगरांतल्या घरांची एक रीत होती. वर शिकारीला जाणाऱ्याने फ्रिजवर कागद लावून जायचं. कुठे जातोय, कधी परत येणार, कधीपर्यंत वाट बघायची. ऑरिन बावीस वर्षं एकच मजकूर लिहीत आला होता: 'टॅलो ओढा. रविवारी दुपारी बारापर्यंत आलो नाही तर शेरीफला फोन कर.' आणि या बावीस वर्षांत त्याने टॅलो ओढ्यात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. ट्रक जिथे ठेवायचा तिथून दोन वाटा फुटत. डावी टॅलोला जायची, उजवी मूडीच्या खोऱ्यात. तो आणि डेलमार मुकाट्याने उजवीकडे वळायचे.

जंगल सरकारी. परवाना असेल त्याने कुठेही तंबू ठोकावा, कुणी कुणाला हटकू शकत नाही. म्हणून चांगली जागा कुणाला सांगायची नाही, बायकोलाही नाही. त्यातून व्हर्लाची बहीण नोरीन दर मंगळवारी कॉफीला यायची आणि फ्रिजवरचं सगळं वरपासून खालपर्यंत वाचून काढायची. नोरीनला कळलं की न्हाव्याला कळलं, न्हाव्याला कळलं की गावाला. पुढच्या वर्षी मूडीत जत्रा भरली असती. तेव्हा कागदावर खोटं लिहायचं, याला ही मंडळी शहाणपण म्हणत. असल्या शहाणपणाला काय म्हणावं?

पण यंदा ऑरिनची पेन्सिल मूडीवर टेकेना. तिथला चढ उभा. एक एल्क पडला की मांसाच्या चार खेपा, आणि त्यातल्या अडीच खेपा डेलमार वाहायचा. जे खाली आणता येणार नाही ते मारायचं नाही, हा दोघांचा नियम. शिवाय तिथे डेलमारने रचलेली चूल होती, त्याने बसायला ओढून आणलेला ओंडका होता. त्या ओंडक्यासमोर एकट्याने रात्र काढायची हिंमत ऑरिनला नव्हती. हे त्याने स्वतःशी कबूल केलं आणि पेन्सिल डावीकडे नेली.

टॅलो. चढ सोपा, पाणी जवळ. वारा या दिवसांत पश्चिमेचा, म्हणजे मूडीकडच्या मधल्या डोंगरधारेवरून खाली येणारा. आपण पूर्वेकडून शिरायचं, वारा तोंडावर घ्यायचा. एल्कला आपला वास जाणार नाही, आवाज जाणार नाही. तंबू कुठे, पाणी कुठे, मांस टांगायचं कुठे, सगळं त्याने बारकाईने ठरवलं. बेत असा झाला, की डेलमारलाही खोड काढता आली नसती.

मग त्याने कागद ओढला आणि लिहिलं. टॅलो ओढा. रविवारी दुपारी बारा. तेच शब्द, तीच ओळ, पण या वेळी खरं. त्याला छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. व्हर्लाला सांगून टाकावं असंही वाटलं. पण सांगायचं कसं? 'या वेळी खरं लिहिलंय बरं का' म्हणायचं, म्हणजे मागची बावीस वर्षं बाहेर काढायची. त्याला लाज वाटली. आणि सांगायचं तरी काय, कागदावर आहेच की सगळं.

व्हर्लाने हात पुसले, कागद वाचला, फ्रिजवर चुंबकाखाली लावला. तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

"टॅलो ओढा," ती म्हणाली. "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. मला कागद लागत नाही तुझा. तुझे बूट बावीस वर्षं मीच घासतेय."

"या वेळी मी घासेन," ऑरिन म्हणाला. त्याला वाटलं, ही कामाचं गाऱ्हाणं सांगतेय.

व्हर्ला हसली. तिने एल्कच्या खिम्यात राजमा घालून शिजवला होता, तो तिने डब्यात भरला. मग ती जवळ आली आणि तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. असं ती कधी करत नसे.

"मला भीती वाटतेय, ऑरिन. डेलमार असता तर वाटली नसती."

"रविवारी जेवायला आहे मी घरी."

गुरुवारी दुपारी तो टॅलोत पोचला. जागा त्याला आवडली नाही. किडीने मेलेले पाइन उभेच्या उभे करडे पडले होते आणि वाऱ्यात एकमेकांवर घासून कण्हत होते. खाली आडवे पडलेले ओंडके इतके, की दहा पावलं सरळ टाकता येईनात. एकही पक्षी ओरडत नव्हता. डेलमार असता तर म्हणाला असता, चल, परत फिरू. ऑरिनने तंबू ठोकला.

शुक्रवारी सकाळी ओला ओंडका ओलांडताना बूट घसरला, तो दगडांत कोसळला आणि गुडघ्याच्या वर हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. शुद्धीवर आल्यावर त्याने तीन गोळ्या हवेत झाडल्या, शिकाऱ्यांच्या खुणेप्रमाणे, ठरावीक अंतराने. उत्तर आलं नाही. दोन गोळ्या उरल्या. मग तो कोपरांवर सरपटत एका जिवंत झाडाखाली गेला, पाठपिशवीतली ताडपत्री अंगावर ओढली आणि वाट बघायला लागला.

घाबरला होता, पण हातपाय गाळले नव्हते. कागद खरा होता ना. शनिवारी बर्फ पडलं तेव्हा त्याने कागद आठवला. थंडीने दात वाजायला लागले तेव्हा आठवला. रविवारी दुपारी घड्याळात बारा वाजले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता व्हर्ला फोन उचलत असेल. उद्या सकाळी माणसं येतील. ट्रक उभा आहे, दोन वाटा आहेत, पावलं बर्फाखाली गेली असली तरी कागद सांगेल डावीकडे वळा म्हणून. रात्रभर त्याने हेच घोकलं. पायाची बोटं आता लागत नव्हती.

सोमवारी उजाडल्यावर तीन बार ऐकू आले. अंतराअंतराने, तीन. शोधायला आलेल्यांची खूण.

ऑरिनने उठायची धडपड केली. आवाज वरून येत होता. धारेपलीकडून, वाऱ्यासोबत. त्याने दोन्ही गोळ्या झाडल्या आणि कान देऊन बसला. थोड्या वेळाने पुन्हा तीन बार झाले, पण आता आणखी लांब. वारा त्याच्या तोंडावर होता, अगदी त्याने ठरवला होता तसा. त्याचा आवाज पलीकडे जाणार नव्हता.

पलीकडे मूडी होतं. हे लोक मूडीत का शिरले, हे त्याला कळेना. कागदावर तर स्वच्छ लिहिलं होतं.

मग त्याची नजर स्वतःच्या बुटांकडे गेली. टॅलोची माती करडी, राखेसारखी, तीच बुटांवर वाळली होती. मूडीची माती तांबडी, त्या डोंगरांत फक्त तिथेच तशी. बावीस वर्षं तो तांबडे बूट मागच्या दारात काढत होता आणि व्हर्ला ते घासत होती, आणि दर वर्षी फ्रिजवर टॅलो लिहिलेलं असायचं.

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

ऑरिनने डोकं झाडाच्या खोडाला टेकवलं. त्याला आपलं स्वयंपाकघर दिसलं. शेरीफ फ्रिजसमोर उभा, कागद वाचतोय, आणि व्हर्ला कोट अंगावर चढवता चढवता त्याला घाई करतेय.

"त्या कागदाकडे बघू नका हो. बावीस वर्षं खोटं लिहितोय तो. तुम्ही उजवीकडे चला, मी सांगते ना, माझा नवरा मूडीत आहे."