झाकणाखालचा दोरा

शिंप्याने आदल्या दिवशी ओतलेल्या साबणाच्या लादीत सुरी घातली आणि ती लोण्यात शिरावी तशी आत गेली. वर आली तेव्हा पात्यावरून तेल ओघळत होतं.

मेहुणीने पुढे होऊन लादी बोटाने दाबली. बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"कच्चा राहिलाय. कॉस्टिक सोडा कमी पडला, भाऊजी."

"चार किलो खोबरेल, सातशे ग्रॅम कॉस्टिक. तुझ्या ताईच्या वहीत आहे तेच. मी स्वतः मोजलं."

"मग डब्यात काहीतरी बिघडलंय."

"तेच म्हणतोय मी," शिंपी म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

त्याची बायको जाऊन तीन महिने झाले होते. पुढच्या खोलीत त्याची शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत तिचा साबण, असं अकरा वर्षं चाललं. साबण दोघी बहिणी करायच्या. ती गेल्यावरही लोक दारात येऊन तोच साबण मागत, म्हणून शिंप्याने ठरवलं की हे बंद पडू द्यायचं नाही. तिच्या हातचं तेवढंच चालू राहण्यासारखं होतं. ही लादी तिच्यामागची पहिली.

पण त्याआधीच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. बायको गेली त्याच आठवड्यात मेहुणी साबणाची वही घरी घेऊन गेली आणि आठ दिवसांनी घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, "वाचत होते." आता साबणाची वही म्हणजे काय कादंबरी आहे? सगळी मापं उतरवून घेतली असणार, उद्या स्वतःचा साबण काढणार, असं शिंप्याने मनाशी धरलं. मागच्या खोलीची एक किल्ली तिच्याकडे होतीच.

मग त्याने डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. कॉस्टिकचा नवा डबा आणला, मालाचं वजन तीन किलो, डब्यासकट तीन किलो चारशे. तोंडाच्या काठावर काळ्या दोऱ्याचा वीतभर तुकडा आडवा ठेवला आणि झाकण वर नुसतं टेकवलं. फिरवून लावलं असतं तर दोरा ओढला गेला असता. कुणी उघडलं की दोरा हलणार, हे शिंप्याचं डोकं. रोज दुपारी तो डबा तराजूवर चढवायचा, झाकण काढून आत डोकवायचा आणि दोरा पुन्हा नीट मांडायचा.

मंगळवारी आणि शुक्रवारी मेहुणी ताईच्या हातच्या उरलेल्या वड्या कागदात गुंडाळायला यायची. नेमका त्याच दिवशी दोरा जमिनीवर पडलेला आणि झाकण घट्ट फिरवलेलं. एकदा तर तिनेच विचारलं, "डबा कोण उघडा टाकतं हो?" चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून शिंप्याने झाकण सैल केलं आणि दोरा परत ठेवला.

चक्रावून टाकणारी गोष्ट एकच होती. वजन घटत नव्हतं, वाढत होतं. तीन आठवड्यांत तीन किलो चारशेचं चार किलो झालं. आतले पांढरे खडे ओलसर होऊन एकमेकांना चिकटले होते. शिंप्याने खूप विचार केला आणि त्याला उलगडा झाला. ओल धरतं ते मीठ. ही बाई चांगलं कॉस्टिक काढून नेते आणि वर मीठ भरते. भरताना हात सैल सुटतो, म्हणून वजन वाढतं, एवढंच.

आता लादी समोर मऊ पडली होती, आणि तो ते सगळं बोलून गेला. दोऱ्याचंसुद्धा सांगितलं.

मेहुणीने हात फडक्याला पुसले. मनगटापर्यंत जुने भाजल्याचे डाग होते.

"मीठ मी भाजीत घालते, भाऊजी," ती म्हणाली. तिने कमरेची किल्ली काढली, कापडं बेतायच्या टेबलावर कात्रीशेजारी ठेवली आणि चपला घालून निघून गेली.

अर्ध्या तासाने त्याची अकरावीतली मुलगी कॉलेजातून आली.

"मावशी कोपऱ्यावर भेटली. रडत होती. काय केलंत, बाबा?"

शिंप्याने डबा तिच्यापुढे सरकवला. "तूच बघ. तुमच्या रसायनाच्या पुस्तकात चोर धरायची काही सोय आहे का?"

मुलीने आत बघितलं, दोऱ्याची हकिकत ऐकून घेतली. मग टेबलावरचा कापडं आखायचा खडू उचलला.

"तीन आठवडे झाकण सैल? आमच्या बाई तर हे तराजूवर ठेवलं की बोलूसुद्धा देत नाहीत. हवेतलं पाणी ओढून घेतं ते."

"म्हणजे?"

"तीन किलोवर सहाशे ग्रॅम पाणी चढलं. तुम्ही सातशे मोजलंत, त्यात खरं कॉस्टिक पाचशे त्र्याऐंशी." ती टेबलाच्या लाकडावर लिहीत गेली. "चाळीस ग्रॅमचा एक मोल. आईचे व्हायचे साडेसतरा. तुमचे झाले साडेचौदा. आणि तेलाच्या एका रेणूला कॉस्टिकचे तीन लागतात, कमी दिले की उरलेलं तेल तेलच राहतं. इथे आठशे ग्रॅमच्या वर राहिलंय."

"मीठ नाही?"

"पाणी आहे, बाबा. आपल्या खोलीतलंच."

शिंप्याने आकडे दोनदा वाचले. मापात तो जन्मात चुकला नव्हता. त्याने दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"आणि ती वही?" त्याने विचारलं. "ती कशाला नेली असेल?"

"अक्षर आईचं आहे ना," मुलगी म्हणाली.

त्याने मऊ लादी पुढे ओढली. "हा साबण सुधारेल?"

"दुसरा डबा आणा. हा वितळवून त्यात नवं कॉस्टिक एकशे सतरा ग्रॅम घाला. होईल."

दुसऱ्या दिवशी त्याने तसं केलं. पुढच्या सकाळी सुरी घातली तेव्हा वड्या कोरड्या, टणक, खटाखट सुटल्या. त्याने त्या फळीवर ओळीने मांडल्या आणि नव्या डब्याचं झाकण घट्ट फिरवलं.

मेहुणीचं घर त्याच रस्त्यावर आहे, चार दारं सोडून. किल्ली अजून टेबलावर कात्रीशेजारीच आहे. ती नेऊन द्यायची राहिली आहे.