दुसरी गाठ

मी एक चिंधी बोलतेय. नर्मदेच्या कड्यावर अंजनाचं एक झाड आहे, त्याच्या फांदीला मी बांधलेली आहे. माझ्याभोवती चिंध्याच चिंध्या आहेत. पण वारा नसतानाही फडफडते ती मीच.

जन्माने मी चिंधी नव्हे. मी लहरियाच्या, नागमोडी पट्ट्यांच्या ओढणीचा काठ. ओढणी केशरी आणि हिरवी. शहाद्याचे व्यापारी हुकमीचंद यांनी ती लग्नात बायकोसाठी, हुलासबाईसाठी आणली. घरात तिने ती आपल्या तान्ह्या लेकीवर, भूरीवर पांघरली. घराबाहेर मात्र तिला जग ओढणीआडूनच दिसायचं. सगळं केशरी.

दर हिवाळ्यात हुकमीचंद डिंक घ्यायला नदीकाठच्या गावांतून पायी हिंडत. एका वर्षी तिने हट्ट धरला, एकदा तरी नदी दाखवा. भूरीला सासूजवळ ठेवून ती निघाली. वाट दाखवायला बाज्या पावरा होता. खाली हिरवं पाणी, पलीकडे डोंगर, वळणावळणाला एखादी झोपडी आणि तिच्यावरचा धूर. ती लहान मुलीसारखी थांबत थांबत चालली.

या झाडाची एक रीत आहे. पुढची वाट अरुंद. जाणाऱ्याने अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून एक गाठ मारायची. सुखरूप परतला की त्याच चिंधीला स्वतःच्या हाताने दुसरी. हुलासबाईने मला फाडलं, गाठ मारली आणि झाडाला म्हणाली, "जाऊन येते."

झाडाजवळच्याच वळणावर समोरून माणसं आली.

"तोंड झाक," हुकमीचंद म्हणाले. "मानसं यी ऱ्हायनात."

"आते मासास्ले बी लाजू का मी?" खालच्या नदीकडे बोट करून ती हसली. पण हात सवयीने वर गेलाच. ओढणी हनुवटीपर्यंत उतरली. पुढचा दगड ओला होता, तो तिला दिसला नाही.

मला दिसला. तिचे डोळे झाकणारं कापड माझंच उरलेलं अंग होतं. तिच्याबरोबर तेही पाण्यात गेलं. पुष्कळ शोधलं. काहीच हाती लागलं नाही.

परतताना हुकमीचंद माझ्यापाशी थांबले.

"शेठ, नको मारू दुसरी गाठ," बाज्या म्हणाला. "बाई पलटीसन उनी नही."

"मग गावमा काय सांगू? बायकोले रानमा पायी फिरवी म्हनू?"

त्यांनी गाठ मारली. ती घट्ट बसली. शहाद्यात त्यांनी सांगितलं, परतीला वाटेवरच्या धडगावात तापाने गेली, तिथेच अग्नी दिला.

वाटसरू माझ्या दोन गाठी पाहत आणि म्हणत, ही परतली. संध्याकाळी खालून, पाण्यातून कुणीतरी माझं उरलेलं अंग ओढायचं आणि ती खोटी गाठ आणखी आवळायची.

खूप वर्षांनी भूरी आली. पुण्याच्या कॉलेजात शिकणारी, डोकं उघडं, पायात कॅनव्हासचे बूट. आई शेवटचं चालली ती वाट तिला पाहायची होती. बरोबर म्हातारा बाज्या, मागून धापा टाकत हुकमीचंद.

त्याच वळणावर माणसं दिसली.

"पोर, डोकावर पदर ले."

"बापू, इथे पाय सांभाळू की पदर?"

बाज्या जागीच थांबला. "शेठ, आते तरी डोकं झाकाले नको सांगू. एकडाव सांगं व्हतं तू, आठेच."

भूरी वळली. "काय सांगितलं होतं, बापू?"

हुकमीचंद दगडावर बसले. माझ्याकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं.

"इतकी वर्षं मी धडगावाकडे तोंड करून हात जोडले," भूरी म्हणाली. "आणि ती इथे!"

"लोक काय म्हनतीन, म्हनीसन…"

"लोकांची आई होती का ती?" तिने फांदी खाली ओढली. "तुम्ही मारलीत ना गाठ? मग तुम्हीच सोडा."

इतक्या वर्षांच्या पावसाने गाठ दगड झाली होती. त्यांची नखं तुटली. भूरीने मदत केली नाही, घाईही केली नाही. शेवटी गाठ सुटली, आणि हुकमीचंदांनी पहिल्यांदा मोठ्याने हाक मारली, "हुलास!"

आता माझे रंग उडाले आहेत. एकच गाठ उरली आहे. लोक थांबतात, ही कोण म्हणून विचारतात, आणि बाज्याची माणसं तिचं नाव सांगतात. तुम्ही या वाटेने आलात, तर दया येऊन मला दुसरी गाठ मारू नका.

ती परतलेली नाही.