कोमट पाणी

पंधरा वर्षं आमची रतनी म्हैस माझ्या बायकोशिवाय, संयोगिताशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती. त्यामुळं ती एक रात्रही घराबाहेर राहिली नाही. सख्ख्या भावाच्या लग्नातनंसुद्धा ती संध्याकाळी धारंला परत आली. त्या म्हशीला मी जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या कारखान्यातल्या सुपरवायझरलाही दिल्या नसतील.

गणपतीत रतनी मेली. मी कागलच्या कारखान्यात वेल्डर. जुन्या टेम्पोत पलंग, गॅस, पडदे बसवले आणि दिवाळी झाल्यावर बायकोला घेऊन राधानगरीला धरणाकाठी मुक्काम ठोकला. दोन गोधड्या घेऊनही थंडी हाडात शिरत होती.

"आता कोण अडवतंय तुला?" मी म्हणालो.

पहाटे जाग आली तर गॅसवर पाणी तापत होतं.

"च्या ठेवलास व्हय?"

तिनं पाण्यात बोट घालून बघितलं, बादलीत ओतलं, पदर खोचला आणि दार उघडून धुक्यात उतरली. मला कळायला वेळ लागला. म्हशीची कास धुवायचं कोमट पाणी होतं ते.

"अगं, म्हस न्हाय आता!" मी ओरडलो.

ती बादली धरून तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं वळली.

"अवं, पाणी निवालं की," म्हणाली.

दोन दिवसांचा बेत होता. मी त्याच सकाळी टेम्पो घराकडं वळवला. घरी तरी काय होतं? रिकामा गोठा. तो ती अजून रोज झाडते.