न झालेलं आजारपण

थोरल्या वहिनींच्या सासऱ्यांनी नावारूपाला आणलेली वकिलीची फर्म धाकट्या दिराच्या हाती आली आणि वर्षभरात तिथे कायद्यापेक्षा काचाच जास्त झाल्या. काचेची केबिन, काचेचं टेबल, भिंतीवरच्या फोटोत काचेमागे हसणारे धाकटे. वकिलीतल्या नीतिमत्तेवर ते भाषणं द्यायचे. ती भाषणं वहिनी लिहून द्यायच्या, मसुदेही त्याच करायच्या. आडात नाही ते पोहऱ्यात आपणच ओतायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

अशाच एका परिषदेच्या गडबडीत लॉन्ड्रीवाल्या बाईचं अपील राहून गेलं. दुकानाची जागा खाली करायचा निकाल तिच्याविरुद्ध लागला होता. वर दाद मागायला तीस दिवस होते. परिषदेत मिळालेल्या पिशवीखाली वहिनींना तिची फाइल सापडली, तेव्हा एकेचाळीस उलटले होते.

"उशीर माफ होतो, वहिनी," धाकटे आरशात टाय सारखा करत म्हणाले. "कारण सबळ हवं. बाई अंथरुणाला खिळली होती असं लिहू. सर्टिफिकेट देणारा डॉक्टर आपलाच आहे."

"आणि खरं कारण, भावोजी?"

"ते सांगून फर्मची अब्रू चव्हाट्यावर मांडायची?"

अब्रू म्हणे! नेसायला नाही आणि धोब्याची चिंता, वहिनींच्या मनात आलं. पण त्या गप्प बसल्या. निम्मी भागीदारी त्यांचीही होती, बारा माणसांचं पोट फर्मवर होतं. असं स्वतःला बजावत त्यांनी एक-दोन नाही, आठ दिवस घालवले.

नवव्या दिवशी बाई उशीर माफीच्या अर्जावर सही करायला आली. कपड्यांना स्टार्चचा वास, बोटांवर इस्त्रीचे डाग. धाकट्यांनी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली.

"मी आजारी कधी पडले?"

"ही नुसती फॉर्मॅलिटी असते हो."

"फॉर्मॅलिटी कसली? इथे शपथेवर लिहिलंय. दुकान एक दिवस बंद नव्हतं माझं. उद्या समोरचा वकील चार गिऱ्हाइकं उभी करील, मग खोटी कोण ठरणार? तुम्ही?"

धाकटे हसले, कडेवरच्या पोराला समजवावं तसं. "ताई, एवढा विचार तुम्ही करायचा नाही. त्यासाठी आम्ही आहोत ना."

ते हसू बघून वहिनींना किळस आली.

"सही करू नका," त्या म्हणाल्या. "तुमची काही चूक नाही. मुदत आमच्यामुळे गेली. फाइल यांच्या टेबलावर पडून होती."

"वहिनी!"

बाईने धाकट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने वहिनींना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

"म्हणजे आठ दिवस तुम्हीपण त्यातल्याच."

फाइल काखोटीला मारून ती निघून गेली.

"घरचा भेदी म्हणतात तो असा," धाकटे दात खात म्हणाले.

"भेद करायला आत काहीतरी असावं लागतं, भावोजी. इथे आरपार दिसतं."

वहिनींनी त्याच दिवशी स्वतःचं प्रतिज्ञापत्र केलं आणि बाईने नवा वकील धरताच त्याच्याकडे पाठवलं. उशीर कोणामुळे झाला, आपल्याला कधी कळलं, आपण किती दिवस गप्प राहिलो, सगळं त्यात होतं. कोर्टाने उशीर माफ केला, जागा खाली करायला स्थगिती दिली आणि फर्मला कडक शब्दांत झापलं. तीन मोठी अशिलं आठवड्यात गेली. धाकट्यांनी प्रकृतीचं कारण सांगून पुढच्या परिषदेला दांडी मारली. स्वतःसाठी मात्र त्यांना सर्टिफिकेट लागलं नाही.

वहिनींनी भागीदारी मोडायची नोटीस दिली. मग बाईचे फर्मकडे राहिलेले मूळ कागद घेऊन त्या लॉन्ड्रीत गेल्या. बाई एका शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. वहिनींनी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं.

"ठेवा तिथे," गल्ल्याकडे मान वळवत ती म्हणाली आणि शर्ट उलटा करून पाठीवर पाणी शिंपडू लागली.

वहिनींनी कागद ठेवले. थोडा वेळ त्या तिथेच उभ्या होत्या.

"आणखी काही?" बाईने विचारलं.

"नाही," म्हणून त्या पायरी उतरल्या.