मोटेचा नाडा रस्त्यावर आडवा झाला

मी एक जुना नाडा आहे. हसू नका मित्रांनो, पायजम्याचा नव्हे, मोटेचा! पूर्वी बैल चामड्याच्या मोटेनं विहिरीतलं पाणी ओढायचे. त्या मोटेला बांधलेला मनगटाएवढा जाड दोर म्हणजे मी. शेंद्रा गावच्या सांडू नावाच्या दोर वळणाऱ्यानं अंबाडीच्या वाखाला पीळ देऊन मला वळलं आणि म्हणाला, "ह्यो बैल दमवील, पर तुटायचा नाय." तेव्हा जो ताठलो, तो अजून ताठ आहे.

मला विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात मनकर्णाबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हापासून दर पोळ्याला ती बैलांबरोबर मलाही हळदीकुंकू लावायची. माझ्या जिवावर गहू भिजत होता ना! मग विहिरीवर मोटार बसली आणि माझी रवानगी गोठ्यातल्या खुंटीवर झाली. बसलो उंदरांशी गप्पा मारत. पोळ्यालासुद्धा कुणाला माझी आठवण होईना, याचं मात्र फार वाईट वाटायचं.

पुढे गावाशेजारी कारखाने आले. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला आणि गाड्या सुसाट सुटल्या. मनकर्णाबाईची नात कावेरी सायकलवर शाळेला जायची, आणि शाळा होती रस्त्यापलीकडं. एका सकाळी एक जीप तिच्या सायकलला घासून गेली. पोरीचे गुडघे फुटले, पुढचं चाक वाकडं झालं. तिचा बाप कारभारी इतका घाबरला, की ते चाक हातात धरून ओरडला, "बास झाली शाळा! जीव ऱ्हायला तर शिकशील."

कावेरी भिंतीकडं तोंड करून रडत बसली. आजी मात्र उसळली. "माजल्या गाड्या, आन् कोंडायचं पोरीला? लई शहाणा हायेस!"

कारभारी वरमला. "बरं, पोळ्यापर्यंत बघू. तवर गाड्या हळू नाय झाल्या, तर शाळा बंद म्हंजी बंद."

त्यानं मला खुंटीवरून काढलं, दुहेरी करून घरापुढच्या रस्त्यावर आडवं टाकलं आणि खिळ्यांनी ठोकलं. दुखलं खूप, पण पुन्हा कामाला लागलो म्हणून आनंदही झाला.

पण कसलं काय! गाड्या धडाधड अंगावरून जात. मी चपटा होत गेलो, वेग काही कमी होईना. कारभारी रोज ओट्यावर बसून बघायचा आणि मान हलवायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पोळा उजाडला. बैलांना ओवाळून मनकर्णाबाई ताट घेऊन सरळ माझ्यापाशी आली. "लई वर्सं इसरले रं तुला," म्हणत तिनं मला हळदीकुंकू लावलं आणि पुढ्यात नारळ ठेवला. तेवढ्यात शहागंजकडून आलेल्या एका टेम्पोनं करकचून ब्रेक लावला.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "मौसी, ये कौनसे देव हैं?"

"देव नाय रं बाबा, मोटंचा नाडा हाय."

तरी त्यानं हात जोडले आणि टेम्पो अलगद काढला. मागची जीप थबकली. तिच्यामागचा ट्रकही थबकला. हळदीकुंकवावर चाक घालायची कुणाची छाती होईना! कारभारी ओट्यावर उभा राहून खो खो हसत सुटला. "कावेरे, दप्तर भर गं! उद्यापासून शाळा." खरं सांगतो, मी पडल्या पडल्या रडलो.

मग आजी रोज सकाळी ताट घेऊन येऊ लागली. काही वर्षांनी तिथं पांढऱ्या पट्ट्यांचा पक्का गतिरोधक झाला आणि मला सुट्टी मिळाली. माझा चेंदलेला भाग कापून उरलेल्याचा कारभारीनं लिंबाला झोका बांधला. कावेरी आता उस्मानपुऱ्यातल्या शाळेत शिकवते. सुट्टीला माहेरी येते, तेव्हा तिची लेक माझ्यावर बसून उंच उंच झोके घेते. मी अगदी मजेत आहे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही गाड्या चालवाल. तेव्हा या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. नारळ दिसला, की पाय आपोआप ब्रेकवर जातो ना? सायकलवरची पोर दिसली, तरी तो तसाच ब्रेकवर जाऊ द्या.