कमानीची शाळा आणि पोरीची नडगी

म्हशींना वैरण टाकता टाकता माझ्या दिरांनी जाहीर केलं, की लेकीला खेळाच्या वसतिगृहात घालायचं, आणि तेही कमानीच्या शाळेतच.

"वहिनी, कमान बघा एकदा. दोन ट्रक शेजारी शेजारी आत जातील."

"पोरगी पळणार आहे का ट्रक चालवणार आहे, भावोजी?"

त्यांना ऐकू आलं नाही. उत्तर नसलं की त्यांना ऐकू येतच नाही.

पुतणी माझी आसपासच्या सगळ्या गावांत पळण्यात पहिली. जिंकायची ती, गळ्यात हार मात्र बापाच्या. म्हैस विणार होती म्हणून जाऊबाई घरी राहिल्या आणि शाळा बघायला मी सोबत गेले.

कमान खरंच मोठी होती. हेडमास्तरांनी चहा पाजला, कपाटातली बक्षिसं दाखवली, जेवणघरातला टीव्हीसुद्धा दाखवला.

"पळायला शिकवणारे सर कुठंयत?" पोरीनं विचारलं.

"जागा भरतोय आम्ही."

"कधीपासनं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्यापुढं बिस्किटं सरकवली. मैदानात शाळेच्या बसगाड्या उभ्या होत्या. ऐसपैस जागा होती ती तेवढी त्यांनाच. दीर तरी भारावलेलेच.

परतताना पोरीनं हट्टानं दुसऱ्या शाळेत नेलं. पत्र्याच्या खोल्या, गंजक्या कॉट. शिकवणाऱ्या बाई हातात पाइप धरून मैदानावर पाणी मारत होत्या. चहाचं नाव नाही. पोरीकडं बघून म्हणाल्या, "पळ."

ती पळून आली. बाईंनी तिला खाली बसवून नडगीवर अंगठा दाबला. पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं.

"कधीपासून दुखतंय?"

"पावसाळ्यापासनं."

"घरी बोलली नाहीस?"

"शर्यती होत्या."

"गेल्याच शर्यतीत तर पहिली आलीय," दीर म्हणाले.

"दुखऱ्या पायानं आलीय. आधी डॉक्टरला दाखवा. माझ्याकडं ठेवलीत तर सहा महिने शर्यत नाही."

"मग ठेवायची कशाला? त्या शाळेत तर पहिल्याच महिन्यात शर्यतीत उतरवणार आहेत हिला."

"बाबा, मी इथंच राहणार," पोरगी म्हणाली. "तिथं कुणी माझा पाय बघितला नाही." मग खाली बघत हळूच, "तुम्ही पण नाही."

हे मात्र त्यांना ऐकू आलं. माणूस त्या गंजक्या कॉटपाशी गेला, हातानं दाबून बघितली. मग बाईंना म्हणाला, "गादी घरनं आणली तर चालेल का?"

सहा महिने पोरीनं काहीच जिंकलं नाही. गावानं तिची चौकशी सोडली, हारही दुसऱ्याच्या गळ्यात गेले. परवा पारावर कुणीतरी दिरांना विचारलं, "काय म्हणते तुमची पळणारी?"

"जिना उतरताना दुखत नाही आता," दीर कौतुकानं म्हणाले.

विचारणाऱ्यानं लगेच बैलांचा विषय काढला.