नगराध्यक्षांची खुर्ची

निंबदऱ्याची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. सतरापैकी नऊ बाया निवडून आल्या आणि पहिली नगराध्यक्ष धनश्री झाली. झाली ती कागदावर! पहिल्या सभेला त्या खुर्चीत ऐटीत बसला होता तिचा नवरा सूर्यभान. एक सोडून इतर नवरोबांनीही बायकांच्या जागा धरल्या होत्या आणि निवडून आलेल्या बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या. हसू नका मंडळी, तुमच्या गावात काय वेगळं चाललंय?

पहिल्या वर्षीच्या निधीत एकच काम होण्यासारखं होतं. बायांना बाजारतळावर बायकांसाठी संडास-मुतारी हवी होती. सूर्यभाननं परस्पर वेशीवरच्या स्वागत कमानीचा ठराव लिहून घेतला आणि रजिस्टर बायकोपुढं सरकवलं.

"कर सही. आन् घरी जाऊन म्हशीचं बघ."

"न्हाई करनार," धनश्री म्हणाली. "आधी माझ्या खुर्चीतून उठा."

"तुझी खुर्ची? मतं माझ्याकडं बघून पडली!"

नगरसेविका एस्तेरबाई पुढं आल्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलेलं. "सूर्यभान, मशीनवर नाव कुणाचं होतं? माझे मिस्टर आज घरी का आहेत, सांगू? ते निवडून आलेले नाहीत म्हणून!"

"बाई, नव्या नगरपंचायतीचा पैला ठराव काय मुतारीचा करायचा? तालुका हसंल आपल्याला!"

सगळे पुरुष खिदळले. लाज कशाची वाटायला हवी, हेच ज्यांना कळत नाही, ते असेच हसतात.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "हस, लेका, हस!" सूर्यभानची आई राहीबाई आठवडी बाजार उरकून, भाजीची रिकामी पाटी घेऊन तशीच आली होती.

"तीस वर्सं त्या तळावर भाजी इकते म्या. बाजारच्या दिशी सकाळपास्नं पान्याचा घोट घेत न्हाई. जायाला जागाच न्हाई, तर पिऊ कशी? दोनदा मुतखडा झाला, तवा दवाखान्यात तूच वरडलास, आई, पानी का पीत न्हाईस म्हनून. आता कळलं का?"

सूर्यभाननं आईच्या सुकलेल्या ओठांकडं पाहिलं. तो उठला.

"बायकोला भ्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"भ्यालो न्हाई," तो म्हणाला. "लाज वाटली." आणि तो भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. दोघं-तिघं नवरे मुकाट्यानं उठले. बाकीचे शिव्या घालत बाहेर पडले.

धनश्री खुर्चीत बसली. टेबलावरचा पाण्याचा पेला तिनं सासूपुढं धरला. "आत्याबाई, आधी पानी प्या."

"आधी ठराव लिही," राहीबाई म्हणाली.

नागरिकहो, एवढंच ध्यानात ठेवा. जिला निवडून दिलंत तिला तिच्या खुर्चीत बसू द्या. तिची खुर्ची तुम्ही अडवता, तेव्हा तुमचीच आई कुठंतरी दिवसभर तहानलेली बसलेली असते!

ठराव लिहून झाला, नऊ हात वर गेले, धनश्रीनं सही केली. मग राहीबाईनं पेला तोंडाला लावला.